वाचकांचे प्रश्न : किरण मोडतात की सावरतात?

प्रश्न : मॅडम, आमच्या बीएस्सीच्या पुस्तकात एका धड्यात लिहिलंय की अणुभट्टीतल्या किरणांनी पोलाद ठिसूळ होतं. पुढच्या धड्यात म्हटलंय की अजस्र तारे प्रकाशाच्या दाबावर उभे असतात. विश्वाच्या सुरुवातीला तर सगळीकडे प्रारणच (किरणांच्या रूपातली ऊर्जा) होतं. मग प्रारण वस्तू मोडतं की तोलून धरतं? सरांना विचारलं तर म्हणाले, हे वेगवेगळे विषय आहेत. (एक विद्यार्थिनी, कराड)

उत्तर : विषय वेगळे आहेत, पण तुझा प्रश्न एकच आहे आणि तो तू सोडू नकोस. स्थिर म्हणजे धक्का बसला तरी पूर्वस्थितीला येणारं. तेव्हा पोलाद असो, तारा असो की विश्व, एवढंच बघायचं : जे हललं त्याला परतीची वाट आहे का?

पोलादापासून सुरू करते, माझी सगळी नोकरी त्यातच गेली. युरेनियमचं केंद्रक फुटलं की सुटणाऱ्या न्यूट्रॉनकडे सरासरी 20 लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं एकक) ऊर्जा असते. लोखंडाच्या स्फटिकातला अणू जागेवरून उखडायला साधारण 40 पुरतात. न्यूट्रॉन एका अणूला धडकतो, तो पुढच्यांना, आणि क्षणार्धात शेकडो अणू जागा सोडून निघालेले असतात. पण त्यातले बहुतेक काही पिकोसेकंदांत (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग) कुठल्या ना कुठल्या रिकाम्या जागेत पुन्हा जाऊन बसतात. इतकी वर्षं झाली, तरी मला हे विलक्षण वाटतं. जे थोडे परतत नाहीत, ते मात्र त्रास देतात. मागे रिकाम्या जागा राहतात आणि दोन ओळींच्या मध्ये आगंतुक अणू घुसून बसतात. त्यात पोलादात तांब्याचा अंश असला, शेकडा 0.2-0.3 इतकासुद्धा, तर रिकाम्या जागांच्या आधाराने तांब्याचे अणू सरकत सरकत एकत्र येतात आणि त्यांचे काही नॅनोमीटरचे पुंजके होतात. धातू वाकायचा तर अणूंच्या ओळी एकमेकींवरून घसरायला हव्यात. हे पुंजके ती घसरण अडवतात.

हे तपासायला भट्टीच्या जाडजूड पात्रात, भिंतीलगत, त्याच पोलादाचे लहान नमुने आधीपासून ठेवलेले असतात. तारापूरच्या 1969 सालच्या पहिल्या दोन भट्ट्यांतही ते होते. ठरलेल्या वेळी काही नमुने काढायचे आणि चार्पी यंत्रावर तोडायचे. 55 मिलिमीटर लांब, 10 बाय 10 चा तुकडा, मधोमध व्ही आकाराची 2 मिलिमीटर खोल खाच. शिसं मिसळलेल्या जाड काचेपलीकडे यांत्रिक हातांनी तो टेकूंवर बसवायचा आणि लंबकाचा हातोडा सोडायचा. चिवट तुकडा हातोड्याला झुंजवतो, वाकतो, मग फाटतो. तुटलेलं तोंड मळकट आणि तंतुमय दिसतं, कडा ओढल्यासारख्या बाहेर येतात. ठिसूळ तुकडा कट्‌कन सरळ तुटतो आणि तोंड साखरेच्या खड्यासारखं चमकतं. तुकडा तोडून हातोडा पलीकडे किती उंच गेला, यावरून त्याने किती ऊर्जा खाल्ली ते कळतं. हे पोलाद एका ठरावीक तापमानाखाली ठिसूळ असतंच. न्यूट्रॉनच्या माऱ्याने ते तापमान वर सरकत जातं, आणि किती सरकलं हे मोजणं हेच आमचं काम.

याला उपाय आहे, तो म्हणजे उष्णता. फिनलंडमधल्या लोविसाच्या पहिल्या भट्टीचं पात्र 1996 साली जागच्या जागी 475 अंश सेल्सिअसच्या आसपास काही दिवस तापवलं आणि गेलेला चिवटपणा बराचसा परत आला. वाट होतीच, चालायला ऊब हवी होती.

ऊब मिळाली नाही तर काय होतं, ते इंग्लंडच्या विंडस्केलने दाखवलं. तिथल्या अणुभट्ट्यांत ग्राफाइटचा, म्हणजे कार्बनच्याच एका रूपाचा, ढीग होता आणि त्यावरून हवा फिरवून तो थंड ठेवला जाई. न्यूट्रॉनने कार्बनचे अणू उखडले जाणार हे भौतिकशास्त्रज्ञ युजीन विग्नर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच सांगितलं होतं. थंड ग्राफाइटमध्ये ते अणू अडकून बसतात आणि प्रत्येक अडकलेला अणू म्हणजे साठलेली ऊर्जा. 1952 मध्ये तिथलं तापमान आपोआप चढलेलं दिसलं. तेव्हापासून मुद्दाम थोडं तापवून ही ऊर्जा अधूनमधून सोडवायची पद्धत पडली. 7 ऑक्टोबर 1957 ला पहिल्या भट्टीत असंच काम सुरू झालं. सगळ्यात जास्त तापलेल्या जागी तापमापक नव्हते. ऊर्जा पुरती सुटली नाही असं समजून पुन्हा तापवलं आणि 10 तारखेला आत इंधन पेटलेलं दिसलं. 11 तारखेला पाणी सोडलं, पंखे बंद केले, तेव्हा आग विझली. किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडल्यामुळे सुमारे 500 चौरस किलोमीटरमधलं दूध ओतून द्यावं लागलं. पुढच्या ग्राफाइटच्या भट्ट्या जास्त तापमानाला चालवल्या गेल्या. तिथे अणू उखडता उखडता परतही जातात, साठा होत नाही. सुरक्षित राहायचं म्हणून थंड ठेवावं, हा साधा विचार इथे लागू पडत नाही, हे प्रत्येक अभियंत्याने ध्यानात ठेवायला हवं.

आता तारा. तारा आकुंचन पावून त्रिज्या 1 टक्क्याने कमी झाली, तर तोल राखायला आतला दाब सुमारे 4 टक्क्यांनी वाढायला हवा. साध्या तप्त वायूचा दाब 5 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे गरजेपेक्षा जास्त, म्हणून तारा पुन्हा फुगून जागेवर येतो. प्रारणाचा दाब मात्र बरोबर 4 टक्क्यांनीच वाढतो. ना ढकलून बाहेर काढणार, ना आत पडू देणार. म्हणजे प्रारण ताऱ्याला उचलून धरतं, पण सावरत नाही. हा हिशेब वहीत स्वतः करून बघ, दोन ओळींचा आहे. सूर्याच्या केंद्रात प्रारणाचा दाब वायूच्या दाबाच्या सुमारे दीड हजाराव्या हिश्शाइतका आहे, म्हणून सूर्य निश्चिंत आहे. ताऱ्याचं वस्तुमान जितकं मोठं तितका हा हिस्सा वाढतो. शिवाय खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी दाखवल्याप्रमाणे तेजाला एक मर्यादा आहे, ती ओलांडली की प्रकाशच बाहेरचे थर उडवू लागतो.

त्या मर्यादेच्या काठावरचा तारा आपल्याकडून दिसतो. एप्रिलच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास कोकणच्या किनाऱ्यावरून थेट दक्षिणेला, क्षितिजापासून फारसा वर नाही असा, अगस्ती आणि त्रिशंकू यांच्या मधल्या पट्ट्यात ईटा कॅरिनी शोध. जवळ दुर्बीण ठेव. त्याचं तेज सुमारे 50 लाख सूर्यांइतकं आहे. 1843 मध्ये तो इतका उजळला की आकाशात व्याध सोडला तर त्याच्याहून तेजस्वी तारा उरला नव्हता. त्या उद्रेकात त्याने निदान 10 सूर्यांइतकं द्रव्य बाहेर टाकलं, आणि तरी तारा अजून तिथे आहे.

विश्वाच्या बाबतीत बाजू उलटते. पहिली सुमारे 50 हजार वर्षं प्रारणाची ऊर्जा द्रव्यापेक्षा जास्त होती. तेव्हा प्रसरणाचा वेग असा होता की द्रव्य कुठे किंचित दाट झालं तरी त्याला वाढायला फुरसत मिळत नव्हती. त्यानंतरही साधं द्रव्य सुटं झालं नाही. मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाशी जखडलेले होते, त्यामुळे द्रव्य एकवटू लागलं की प्रकाशाचा दाब त्याला परत फेकी. हायड्रोजनचे अणू खरं तर बऱ्याच आधी जुळायला हवे होते, पण दर अणुकेंद्रामागे शंभर कोटींहून जास्त प्रकाशकण होते. थोडे जोरकस कणही अणू फोडायला पुरत. तापमान 3000 केल्विनच्या आसपास उतरलं तेव्हाच, म्हणजे सुमारे 3 लाख 80 हजार वर्षांनी, अणू टिकू लागले. कोणत्या तापमानाला किती अणू फुटलेले असतील याचं समीकरण मेघनाद साहांनी 1920 मध्ये ताऱ्यांसाठी मांडलं होतं, तेच इथे पहिल्या अंदाजाला कामी येतं. त्या वेळचा प्रकाश आज 2.725 केल्विन इतका थंड होऊन सगळीकडून येतो, आणि त्यातले चढउतार लाखात एक भाग इतके बारीक आहेत. प्रारणाने इतकं सपाट ठेवलं होतं. त्याची पकड सुटली तेव्हाच द्रव्य कोसळून दीर्घिका होऊ शकल्या.

तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग आणि 4 टक्क्यांचा हिशेब वर्गात मांड.

प्रश्न : माझं औषधाचं दुकान आहे. काही सिरिंजच्या पाकिटांवर गॅमा किरणांनी निर्जंतुक केल्याचं छापलेलं असतं. त्यात किरण उरतात का? प्लास्टिक खराब होतं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : किरण उरत नाहीत. कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांची ऊर्जा 1.17 आणि 1.33 दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, तेवढ्याने सिरिंज किरणोत्सारी होत नाही. तुमच्या जिल्ह्यात लासलगावला कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून हेच किरण देतात, फक्त तिथली मात्रा निर्जंतुकीकरणाच्या 25 किलोग्रेपेक्षा (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) शेकडो पटींनी कमी असते.

प्लास्टिकचं मात्र तुम्ही बरोबर विचारलंत. गॅमा किरण धातूला जवळजवळ काही करत नाहीत, पण प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडतात. पॉलिप्रॉपिलीनमध्ये तुटलेली टोकं आत अडकून राहतात आणि हवेतल्या ऑक्सिजनशी महिनोन्‌महिने जुळत जातात, म्हणून ते नंतरही पिवळं आणि ठिसूळ होत राहतं. चांगले उत्पादक त्यात स्थिरक मिसळतात. तुम्ही जुना साठा आधी काढत जा, खोकी उन्हात आणि गरम पत्र्याखाली ठेवू नका, आणि नळी पिवळसर दिसली किंवा बोटं टेकवायच्या कडेला चीर दिसली तर मुदत शिल्लक असली तरी तो माल परत करा.