वाचक विचारतात : स्टम्पमागे जागा एकच असते

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की माझ्या आवडत्या किपर-बॅट्समनमध्ये दिनेश कार्तिकचा नंबर खूप वर लागतो. त्यावर बरीच पत्रं आली, काही रागावलेली पण आहेत. तीन घेतोय यावेळी.

प्रश्न : कार्तिक ग्रेट कसा काय? २००४ ला आला, २०२४ ला रिटायर झाला आणि टेस्ट किती तर २६. वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला २५ बॉलमध्ये ६ रन. दुसऱ्या कुणाला एवढे चान्स मिळाले असते का?
(एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

दादा, तुमचे आकडे बरोबर आहेत, पण "एवढे चान्स" हे मला मान्य नाही. बॅट्समनला टीममध्ये सहा जागा असतात, स्पिनरला एक-दोन तरी असतात, किपरला एकच, आणि त्या एका जागेवर जो बसलाय तो फिट असेल तर तुम्ही कितीही चांगले असलात तरी ड्रेसिंग रूममध्ये पाण्याच्या बाटल्या भरायच्या. आता तारखा बघा. कार्तिकची पहिली वनडे सप्टेंबर २००४, लॉर्ड्सवर, वय १९, आणि त्या मॅचमध्ये त्याने हरभजनच्या बॉलिंगवर मायकल वॉनला स्टम्प केलं. नोव्हेंबरमध्ये वानखेडेवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिली टेस्ट, तीच ती भयानक वळणाऱ्या पिचवरची, आपण १०७ चं टार्गेट देऊन त्यांना ९३ वर गुंडाळलं होतं. आणि डिसेंबरमध्ये, म्हणजे लॉर्ड्सनंतर चार महिनेसुद्धा झाले नव्हते, चितगावला महेंद्रसिंह धोनी नावाचा मुलगा वनडे टीममध्ये आला.

बरं, कार्तिक तेव्हा काही वाईट खेळत नव्हता. मार्च २००५ मध्ये ईडनवर पाकिस्तानविरुद्ध ९३ केले, ती टेस्ट आपण जिंकलो. तरी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये धोनीची टेस्ट सुरू झाली ती कार्तिकच्या जागेवर, आणि कुठे तर चेन्नईत, कार्तिकच्या स्वतःच्या गावात. धोनी पुढे ९० टेस्ट खेळला. धोनीला घेतलं ते चुकलं असं मी अजिबात म्हणत नाही, पण वीस वर्षांच्या पोराचं त्या दिवशी काय झालं असेल याचा विचार करून मला आजही वाईट वाटतं.

इथून पुढचं करिअर बघा, मला जे आवडतं ते हे आहे. किपिंगचं दार बंद झालं तर त्याने ओपनिंग केली. ओपनिंग! ज्या माणसाने आधीच्या टेस्ट सहा-सात नंबरला खेळल्या तो २००७ मध्ये वासिम जाफरबरोबर नवा बॉल खेळायला उतरला, मे महिन्यात मीरपूरला बांगलादेशविरुद्ध १२९, आणि मग इंग्लंडमध्ये ढगाळ हवेत, स्विंगमध्ये, तीन टेस्टमध्ये २६३ रन. त्या सिरीजमध्ये आपल्याकडून सगळ्यात जास्त रन त्याचे होते, सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण सगळे टीममध्ये असताना, आणि सिरीज आपण १-० ने जिंकलो. हे लोक विसरतात याचा मला खरंच त्रास होतो.

त्यानंतर फॉर्म गेला, जागा गेली. जानेवारी २०१० नंतर पुढची टेस्ट डायरेक्ट जून २०१८ मध्ये, ती पण तेव्हाचा टेस्ट किपर ऋद्धिमान साहा जखमी झाला म्हणून. मधल्या काळात भारत ८७ टेस्ट खेळला. मग इंग्लंडला दोन टेस्टमध्ये चार इनिंग मिळून २१ रन, तिसऱ्या टेस्टला ऋषभ पंत आला आणि विषय संपला. तिथे तो कमी पडलाच, मी लपवत नाही. पण २०१९ च्या न्यूझीलंडविरुद्धच्या सेमीफायनलचं म्हणाल तर तो आत आला तेव्हा ५ रनवर ३ विकेट गेल्या होत्या, रोहित, कोहली, राहुल तिघेही एकेक रन काढून परत गेलेले, बॉल स्विंग होत होता, आणि त्याला आऊट करायला नीशमला हवेत झेप घेऊन एका हाताने कॅच घ्यावा लागला. त्याआधी वर्ल्ड कपमध्ये बराच वेळ बाहेर बसून होता तो. ती त्याची शेवटची वनडे ठरली.

आणि कोलंबोची बांगलादेशविरुद्धची निदाहास ट्रॉफीची टी-२० फायनल, मार्च २०१८, ती तुम्ही पत्रात का नाही लिहिली? १२ बॉलमध्ये ३४ हवे होते तेव्हा तो उतरला, रुबेल हुसेनच्या ओव्हरमध्ये २२ काढले, शेवटच्या बॉलवर ५ हवे असताना सौम्य सरकारला एक्स्ट्रा कव्हरवरून फ्लॅट सिक्स. ८ बॉलमध्ये २९ नॉट आऊट. आमच्या सोसायटीत रात्री लोक गॅलरीत येऊन ओरडत होते. तो शॉट त्या रात्री नशिबाने लागलेला नाही, मुंबईत माजी खेळाडू अभिषेक नायरबरोबर त्याने जे तास न् तास घालवले त्यातून आलाय, हे तो स्वतः सांगतो.

प्रश्न : कार्तिक आमच्या नेरुळला कधी खेळलाय का? नवऱ्याशी पैज लागलीये.
(एक वाचक, नेरुळ)

खेळलाय की ताई! २०२२ ची आयपीएल आठवा, लीगच्या सगळ्या मॅच मुंबई-पुण्यातच होत्या. २७ मार्चला तुमच्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर पंजाबविरुद्ध १४ बॉलमध्ये ३२ नॉट आऊट, त्याच्या टीमचे, आरसीबीचे, २०५ झाले तरी हरले ते. ३० मार्चला तिथेच केकेआरविरुद्ध शेवटच्या ओव्हरला रसेलला सिक्स आणि फोर मारून मॅच संपवली. त्या सीझनला ३३० रन, स्ट्राइक रेट १८३, वय ३६. त्याच्या आदल्या वर्षी तो इंग्लंडमध्ये कॉमेंट्री करत होता, लोकांनी धरलं होतं की खेळणं संपलं आता. त्या सीझनवर भारताच्या टीममध्ये परत आला, राजकोटला साऊथ आफ्रिकेविरुद्ध २७ बॉलमध्ये ५५, आणि ती त्याची टी-२० इंटरनॅशनलमधली पहिली फिफ्टी, २००६ मध्ये भारताच्या पहिल्यावहिल्या टी-२० मध्ये तो मॅन ऑफ द मॅच होता त्यानंतर जवळपास सोळा वर्षांनी. पैज कुणी जिंकली ते कळवा.

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, तीन वर्षं किपिंग करतोय. अकॅडमीत अजून एक किपर आहे, तो चांगली बॅटिंग करतो म्हणून मॅचला ग्लोव्हज त्यालाच मिळतात. आमचा थर्ड मॅनला उभा असतो नाहीतर बाहेर. घरी येऊन बोलत नाही. त्याचे बाबा म्हणतात ग्लोव्हज विकून टाक आणि बॉलिंग शिक. काय करू?
(एक आई, ऐरोली)

ताई, हे पत्र मी तीनदा वाचलं. मी स्वतः ठाण्यात सेंट्रल मैदानावर दुसरा किपर म्हणून दोन सीझन काढलेत, घरी येऊन न बोलणं काय असतं ते मला माहितीये. तुम्ही त्याला लगेच समजवायला जाऊ नका, जेवू द्या आधी.

मुलावर अन्याय होतोय असं मला पत्रावरून तरी वाटत नाही. हल्ली कुठल्याही लेव्हलला दोन किपर साधारण सारखे असतील तर ज्याची बॅट चालते तोच खेळतो. तेव्हा बॉलिंग नको, बॅटिंग. आणि तीही कुठल्या तरी एका ठरलेल्या जागेची. तुम्ही किंवा त्याच्या बाबांनी सरांकडे जाऊन "माझ्या मुलाला ग्लोव्हज का नाही" असं विचारू नका. मुलालाच पाठवा, आणि त्याने विचारायचं की सर, मी ओपनिंग केली तर मला मॅच मिळेल का. नव्या बॉलसमोर उभं राहायला मुलं फारशी तयार नसतात, तिथे जागा लवकर मिळते, आणि किपरची नजर बॉलवर बसलेली असते, शेवटपर्यंत बघायची सवय असते, त्याचा फायदा होतो. सर नाही म्हणाले तर पाच-सहा नंबरचं विचारा, शेवटच्या चार ओव्हरमध्ये काय करायचं ते शिकवा म्हणावं.

फिल्डिंगचं पण बघा. थर्ड मॅनला उभं राहण्यापेक्षा त्याला स्लिप मागू दे. हात तेच आहेत, फक्त ग्लोव्हज नाहीत.

किपिंग मात्र सोडू देऊ नका. रोज वीस मिनिटं, बिल्डिंगच्या भिंतीवर टेनिस बॉल मारून उलट येणारा पकडायचा, ग्लोव्हज न घालता फक्त इनर (आतले पातळ ग्लोव्हज) घालून, आणि बॉल बाऊन्स झाला की मगच उठायचं, आधी नाही. आठवड्यातून एकदा पहिल्या किपरबरोबर नेट्समध्ये आळीपाळीने करू दे, दोघांची मैत्री झाली तर फारच छान, कारण त्याचं बोट दुखावलं तर ऐन मॅचमध्ये ग्लोव्हज तुमच्याच मुलाकडे येणार आणि तेव्हा सवय तुटलेली नको.

बाबांना सांगा ग्लोव्हज विकू नका. पण १४ वर्षांचा आहे, हात वाढत असणार, तीन वर्षांपूर्वीचेच असतील तर बोटं टोकाला टेकतायत का ते आज बघा. टेकत असतील तर बॉल बोटांच्या टोकावर बसतो, दुखतो, आणि मुलं सांगत नाहीत.