“ह्यांची भीती तेवढी घालवा, ताई”

भोसरीत आठवड्यातून दोन दिवस मी समुपदेशनाला बसते. एमआयडीसीतले कामगार येतात, त्यांच्या घरचे येतात. अपघात झालेल्या जवळजवळ प्रत्येक घरातून मला एकच मागणी ऐकू येते. मुलगा मशीनला हात लावायला तयार नाही, नवरा कंपनीच्या गेटवरून परत येतो, रात्री दचकून उठून बसतो. काहीतरी करा आणि माणूस पहिल्यासारखा करून द्या. 2023 च्या पावसाळ्यात आलेल्या एका जोडप्याची हकिकत त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो चौतिशीचा, मूळचा लातूरकडचा, नऊ वर्षं पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या यंत्रावर. डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलेलं. जखम भरून आली होती. पण खुर्चीत बसल्यापासून तो हात मांडीखाली दाबलेला, आणि बोलत होती ती बायकोच. कुकरची शिट्टी झाली की हे उठून गॅलरीत जातात. ताट पडलं की हात छातीशी ओढून घेतात. परवा मुलीने जवळ येऊन टाळी वाजवली तर तिच्या अंगावर ओरडले आणि मग स्वतःच रडले. दोनदा कामावर गेले, दोन्ही वेळा प्रेसशॉपच्या दारातून घामाघूम होऊन माघारी. सुपरवायझर म्हणाला, “एवढ्यानं घाबरलास? इथं निम्म्यांची बोटं नाहीत.”

“ह्यांची भीती तेवढी घालवा, ताई,” ती म्हणाली. “बाकी आमचं आम्ही बघू.”

मीही आधी तेच करायला घेतलं. अपघातानंतर महिना उलटला तरी तोच प्रसंग डोळ्यांपुढे येत राहणं, आवाजाने दचकणं, त्या जागेकडे पाऊल न उचलणं, ही आघाताची ओळखीची लक्षणं आहेत आणि त्यांवर चांगले उपचार आहेत. श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवायचं, प्रसंग सावकाश बोलून मोकळा करायचा, मग ज्याची भीती वाटते त्याच्या एकेक पायरी जवळ जायचं. दोन बैठका तशा गेल्या. तिसऱ्या बैठकीत पायऱ्या ठरवायच्या होत्या, म्हणून मी सहज विचारलं, “तुमच्या प्रेसवर आता काय काय बदललंय?”

त्याने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “काय बदलणार? तीच आहे. सेन्सर बायपासच आहे.”

हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता.

पायरी-पायरीने भीतीजवळ जायचा उपचार चालतो तो धोका टळलेला असतो तेव्हा. पूर ओसरलेला असतो, पण मनात पाणी अजून चढत असतं, अशा माणसासाठी तो आहे. इथे पूर ओसरलेलाच नव्हता. त्या मशीनसमोर त्याला निर्धास्त बसवलं असतं, तर मी त्याच्या उरलेल्या आठ बोटांशी बेइमानी केली असती.

मी त्याला कागद आणि पेन्सिल दिली. म्हटलं, प्रेस काढून दाखवा. तो वाकून काढू लागला आणि बघता बघता मांडीखालचा डावा हात कागद धरायला वर आला. आधी डाय, म्हणजे साचा काढला. मग डायच्या दोन बाजूंना सेन्सरच्या उभ्या पट्ट्या, मध्ये रेघा. त्या रेघांतून हात गेला की प्रेस थांबायला हवी. मग पॅनेलच्या आत वायरचा एक छोटा आकडा काढला, ज्यामुळे हात आत असला तरी ती थांबत नाही. शेवटी खाली पायडल, त्याच्याभोवती दोनदा गोल. दोन हातांची बटणंही त्या मशीनला होती. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे हात डायमध्ये राहूच शकत नाही. ती काढून पायडल जोडलं होतं, कारण पायडलवर काम भरभर होतं. टार्गेट तासाला 600. एका जॉबला, म्हणजे एका सुट्या भागाला, 6 सेकंद. शिफ्ट बारा तासांची. त्या वेळी लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्यात दिवसाची मर्यादा नऊ तासांची होती. अकराव्या तासाला जॉब डायमध्ये अडकला, तो काढायला बोटं आत गेली आणि पाय पायडलवर पडला.

“पाय माझाच होता, ताई.”

सगळं अडलं होतं ते इथे. झोप येत नव्हती ती आवाजामुळे कमी, या वाक्यामुळे जास्त. सेन्सर बायपास करताना मेंटेनन्सवाल्याला टॉर्च धरून उभा होता तोही हाच. अपघाताच्या कागदावर कारण लिहिलं होतं, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. दवाखान्यात, हाताला पट्टी असताना, त्याने त्यावर सही केली होती. मोबाइलमधला त्या कागदाचा फोटो त्याने मला काढून दाखवला. दिवसातून किती वेळा बघता, असं विचारल्यावर गप्प बसला.

“तुमची काहीच चूक नाही” असं मी म्हणाले नाही. त्याने ते मानलं नसतं, आणि कायदाही सुरक्षेच्या साधनांशी छेडछाड करू नका असं कामगाराला सांगतोच. मी विचारलं, “टॉर्च धरायला कोणी सांगितलं? 600 चा आकडा कोणी ठरवला? सेन्सर चालू ठेवून तो आकडा एकदा तरी निघाला असता का?” तो मनात हिशेब करत राहिला. मग मी कलम 21 सांगितलं: यंत्राच्या धोकादायक भागांना संरक्षण बसवायचं आणि यंत्र चालू असेपर्यंत ते जागेवर ठेवायचं, ही जबाबदारी कायद्याने कारखाना चालवणाऱ्यावर टाकली होती. दमलेल्या माणसाचा पाय चुकणार हे धरूनच सेन्सर बनवलेला असतो. पाय कधीच चुकला नसता तर सेन्सर लागलाच नसता.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “माझ्या जागी नवीन पोरगा बसवलाय. एकोणीस वर्षांचा. मीच शिकवलाय. स्वप्नात माझा हात दिसत नाही, ताई. त्याचा दिसतो.”

बायको हे पहिल्यांदाच ऐकत होती.

इथून पुढे थोडं व्यवहाराचं, कारण हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात हीच वेळ आलेली असेल. काम करताना इजा झाली असेल तर ईएसआयच्या, म्हणजे कामगार विमा योजनेच्या, दवाखान्यात तसंच स्पष्ट सांगा. लाजेने किंवा कुणी सांगितलं म्हणून ‘घरी पडलो’ म्हणू नका. अपघाताच्या अहवालाची प्रत मागून घ्या. बरं होईपर्यंतच्या काळात ईएसआयकडून सरासरी रोजच्या पगाराच्या 90 टक्के रक्कम मिळते, आणि तो लाभ चालू असताना मालकाला साधारणपणे कामावरून काढता येत नाही. कायमचं अपंगत्व उरलं तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या तक्त्यात 20 टक्के आहेत. रोज 600 रुपये पगार असेल तर 90 टक्के म्हणजे 540, त्याचे 20 टक्के म्हणजे दिवसाला 108 रुपये, आणि तेही आयुष्यभर. या माणसाने बोर्डाकडे अर्जच केला नव्हता. “चूक माझी, मग पैसे कसे मागू?” हे त्याचं कारण. अपराधीपणाने माणसाची झोप जाते हे मला माहीत होतं. त्यापायी हक्काचे पैसेही सोडले जातात, हे त्या दिवशी कळलं.

तक्रारीचा प्रश्न जास्त अवघड होता. बायकोचा ठाम विरोध होता: खोलीचं भाडं, दोन पोरांच्या फिया, नोकरी गेली तर काय खायचं? मी तिला चूक म्हणणार नाही. त्या घरात महिनाअखेरीचा हिशेब तीच जुळवत होती. मी वकील नाही, म्हणून त्यांना एका जुन्या कामगार कार्यकर्त्याकडे पाठवलं. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार केली तर निरीक्षकाने तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवलं पाहिजे, हे कायद्यातच होतं, आणि ते त्यांना तिथे समजलं. तीन आठवडे नवरा-बायकोचं बोलणं चाललं. शेवटी पत्राचा मसुदा तिनेच मुलीच्या वहीत लिहिला. प्रेसचा नंबर, सेन्सर बंद, बटणं काढलेली, पायडल, इतकंच.

तपासणी झाली. त्या प्रेसचा सेन्सर जोडला गेला, आणखी दोन प्रेसवर दोन हातांची बटणं परत आली. बाकीच्या मशीनचं काय झालं, ते त्याला आत जाऊन बघता आलं नाही, कारण त्याला पॅकिंगला टाकलं. ओव्हरटाइम गेला, हातात येणारा पगार कमी झाला. बोर्डाची टक्केवारी मंजूर झाली तेव्हा त्याने तो अहवालाचा फोटो मोबाइलमधून काढून टाकला. भीतीवरचे उपचार आम्ही त्यानंतर पुन्हा सुरू केले आणि या वेळी ते लागू पडले.

माझ्यासमोर येतो एकेक माणूस, पण असे शेड, म्हणजे छोटे कारखाने, शेकडो आहेत. गाडीचा सुटा भाग मायक्रॉनपर्यंत मोजायला मोठ्या कंपनीचा माणूस शेडमध्ये येतो. तो भाग ज्या प्रेसवर निघाला तिचा गार्ड जागेवर आहे का, हे त्याने त्याच फेरीत बघायला काय हरकत आहे? 21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षेची नवी संहिता लागू झाली आहे. गंभीर इजेची रास्त शंका आली तर मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवायचा हक्क तीत प्रत्येक कामगाराला दिला आहे. आधी असा हक्क धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांपुरताच होता. याचं मी मनापासून स्वागत करते. पण त्याच संहितेत विजेवर चालणारा कारखाना कारखाना ठरायला 1948 च्या कायद्यातल्या 10 ऐवजी आता 20 माणसं लागतात, आणि सुरक्षा अधिकाऱ्याची सक्ती साधारणपणे 500 कामगारांपासून पुढे आहे. माझ्याकडे येणारी बोटं तुटतात ती बारा-पंधरा किंवा चाळीस माणसांच्या शेडमध्ये. तिथे हक्क कागदावर असून भागत नाही, कामगाराला गाठता येईल असा निरीक्षक हवा आणि फेरी न सांगता व्हायला हवी. प्रेसला सेन्सर नाही तर वीज नाही, इतकी साधी अट मला हवी आहे.

गेल्या महिन्यात तो भेटून गेला. कुकरची शिट्टी आता चालते, ताट पडलं तर अजून हात ओढला जातो. तो पोरगा तिथली नोकरी सोडून चाकणला दुसऱ्या शेडमध्ये लागलाय, पगार दीड हजाराने जास्त. फोन आला तेव्हा याने आधी पगार विचारला नाही, सेन्सर चालू आहे का ते विचारलं.

“इथं पायडलच आहे, दादा,” तो म्हणाला.

माझ्या टेबलावरचा कागद ओढून घेत त्याने मला त्या शेडचा पत्ता लिहायला सांगितला.