गल्ल्यातल्या नाण्यांचा आलेख

प्रश्न: ताई, लेकाला शाळेत आलेख शिकवतायत पण वहीतले चौकोन रंगवून त्याला काहीच कळत नाहीये, घरच्या वस्तूंनी जमेल का?

उत्तर: जमेल की! गल्ला फोडा, एक रुपयाची नाणी काढा आणि सालाखाली बघायला सांगा, पत्त्यातल्या चौकटसारखी खूण म्हणजे मुंबईची टाकसाळ, चांदणी हैदराबाद, ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. चार रांगा लावा. ढीग मात्र नकोच, जुनी नाणी जाड असली की कमी असूनही ढीग उंच दिसतो न पोरं फसतात, म्हणून फरशीवर खडूने सारखे चौकोन आखायचे, एकात एकच नाणं. मग तीच नाणी सालाप्रमाणे लावायची, अख्खा आकारच बदलतो, तेव्हा माझी भाची केवढी हरखली होती!