प्लास्टर काढल्यावर मांडी बारीक दिसते. स्नायू कायमचा गेला का?

नाही, बहुतेक वेळा तो भरून येतो, कारण ही झीज न वापरल्यामुळे झालेली असते. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि असे पाय रोज बघते. गुडघा काही आठवडे जखडला की मांडीचा पुढचा स्नायू सगळ्यात आधी वितळतो. टेप लावून मोजलं तर दोन्ही मांड्यांच्या घेरात फरक स्पष्ट दिसतो. यावर उपाय म्हणजे हळूहळू वाढवत नेलेला भार: आधी पाय सरळ ठेवून स्नायू आवळणं, मग खुर्चीतून उठबस, मग वजन. सोबत पुरेशी प्रथिनं हवीत, पण मूत्रपिंडाचा आजार असेल तर त्यांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा. नुसती मालिश करून स्नायू वाढत नाही, त्यात वेळ घालवू नका.

मात्र यातलं काही दिसलं तर कारण वेगळं असू शकतं:

- बधिरपणा, स्नायूचं आपोआप फडफडणं, किंवा चालताना पाऊल लोंबणं: नस (मज्जातंतू) दबली किंवा दुखावली असेल. दुखावलेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर इतकीच पुन्हा वाढते आणि स्नायू फार काळ तिची वाट बघू शकत नाही, म्हणून नसांची तपासणी लांबवू नका.
- दोन्ही पाय बारीक होणं, वजन आणि भूक घटणं: थायरॉइड, मधुमेह, कर्करोग यांसारखा आजार आधी शोधावा लागतो. तिथे एकट्या व्यायामाने भागत नाही.