आधी कात्री की आधी कलर?

प्रश्न: ताई, माझी बारावी झालीये, साताऱ्यात एका पार्लरमध्ये हेल्पर आहे. घरचे म्हणतात डायरेक्ट केराटिन (केस मऊ, सरळ करायची ट्रीटमेंट) आणि हायलाइट्सचा (काही बटा रंगवण्याचा) कोर्स कर, पैसे त्यातच आहेत. करू का?

उत्तर: अगं थांब जरा. पैसे आहेत हे खरंय, पण कलर शेवटी. आधी शॅम्पू, सेक्शन म्हणजे केसांचे भाग पाडणं, ब्लो ड्राय, हे हाताला बसलं की कट. त्यातही आधी वन लेंथ म्हणजे ० डिग्री, केस खाली पडतात तसेच धरून सरळ रेषेत कापायचे, इथेच टेन्शन, म्हणजे धरलेल्या केसांवरचा ताण, एकसारखं ठेवायची सवय लागते आणि ती नसेल तर पुढे केस ४५ डिग्रीला उचलून ग्रॅज्युएशन (खाली आखूड, वर लांब होत जाणारा कट), ९० ला लेयर्स सगळंच वाकडं येतं, म्हणून डमीवर हाच कट पुन्हापुन्हा कर, कंटाळा आला तरी. कुरळे केस सुकल्यावर आखडतात, ओले असताना कमीच काप. कलर शेवटी का, तर चुकलेला कट वाढून निघतो पण डेव्हलपर (कलरमध्ये मिसळायचं पेरॉक्साइड) २० व्हॉल्यूमच्या जागी जास्त कडक ४० चा लागला तर टाळू भाजू शकते, शिवाय ४८ तास आधी पॅच टेस्ट, म्हणजे थोडा कलर त्वचेवर लावून ॲलर्जी येते का बघणं, हवीच, ती कितीतरी जण करतच नाहीत, मला याचा फार राग येतो! आयटीआयचा कॉस्मेटॉलॉजीचा १ वर्षाचा ट्रेड पण बघ. पार्लर सोडू नकोस, शॅम्पूचं काम मागून घे.