तावीज, दम आणि दवाखाना : वाचकांचे प्रश्न

तावीज आणि झाडफुंकीबद्दलची पत्रं काही थांबत नाहीत. गावं वेगळी, मजकूर तोच. म्हणून नेहमीचे काही प्रश्न एकत्र घेतले आहेत. विचारणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : तावीज घालणं जायज (धर्माला मान्य) की शिर्क (अल्लाहच्या बरोबरीने दुसऱ्याला मानणं)? आमच्याच मोहल्ल्यातले दोन मौलाना दोन गोष्टी सांगतात.

हा मतभेद तुमच्या मोहल्ल्यातला नाही, फार जुना आहे. ‘ज्याने तमीमा (गळ्यातला तावीज) लटकवला त्याने शिर्क केला’ ही हजरत उक्बा बिन आमिर यांनी सांगितलेली हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, मुसनद अहमद या संग्रहात आहे. तिच्या आधारे अहले हदीस पंथाचे आणि सौदीचे बहुतेक आलिम (धर्मपंडित) आयतींचा तावीजही नको म्हणतात. उलट पैगंबरांचे साथी अब्दुल्लाह बिन अम्र समजत्या मुलांना दुआ पाठ करून घेत आणि अगदी लहानग्यांच्या गळ्यात ती लिहून अडकवत, असं अबू दाऊद आणि तिरमिजी या हदीससंग्रहांत आलं आहे. त्या सनदीवर, म्हणजे ती कुणाकुणाकडून आली त्या साखळीवर, वाद आहे. देवबंदी आणि बरेलवी, दोन्ही पंथांचे मुफ्ती अटी घालून परवानगी देतात. मजकूर अल्लाहचं कलाम किंवा दुआ असावा, तो वाचता-समजता यावा, आणि शिफा कागद देतो असं मनात नसावं. पढून दम करण्याबद्दल, म्हणजे आयत म्हणून फुंकर घालण्याबद्दल, मात्र भांडण नाही. ‘ज्यात शिर्क नाही त्या रुकयात (दम करण्यात) हरकत नाही’ हे सहीह मुस्लिममध्ये स्पष्ट आहे. मग वादाची वस्तू गळ्यात कशाला, असं मला वाटतं. फतवाच हवा असेल तर आपल्या मसलकच्या (पंथाच्या) दारुल इफ्ताला, म्हणजे फतवा देणाऱ्या कचेरीला, लेखी प्रश्न पाठवा.

प्रश्न : तावीज घालून संडासात गेलं तर?

चामड्यात किंवा डबीत बंद असेल तर चालतं. तरी काढून ठेवलेला बरा.

प्रश्न : तावीज उघडला तर घरावर बला येईल, असं आमिलसाहेबांनी (तावीज-झाडफुंक करणाऱ्यांनी) बजावलं आहे. खरं आहे का?

नाही. उघडा.

मेणकापड सोडवलं की घडी घातलेला कागद निघतो. त्यावर बहुतेक वेळा नऊ घरांचा चौकोन असतो, मधल्या घरात 5, कोपऱ्यांत 2, 4, 6, 8, आणि आडवी-उभी-तिरपी कशीही बेरीज करा, 15च येते. हे गणित आहे, शाळकरी पोरही मांडू शकतं. अक्षरांना आकडे देण्याचा अब्जद नावाचा हिशोब आहे, त्याच हिशोबाने बिस्मिल्लाहचे 786 होतात. पण आकडा म्हणजे आयत नव्हे. काही कागदांवर मिसरचा जुलमी बादशहा फिरऔन आणि त्याचा साथीदार हामान यांची नावं सापडतात. अल्लाहने ज्यांना बुडवलं, त्यांना आपण लेकराच्या गळ्यात बांधायचं? जे वाचता येत नाही ते घालू नका. कागद एखाद्या जाणत्या आलिमला दाखवा. आयत असेल तर अदबीने स्वच्छ जागी पुरा.

प्रश्न : बाळाला नजर लागते. काजळाची तीट, मीठ-मिरच्या चालतात का?

नजर लागणं हदीसने मानलं आहे, पण मीठ-मिरच्या त्यात नाहीत. पैगंबर रसूलुल्लाह (स.) आपल्या नातवांवर, हसन-हुसैनवर, पनाहची (आसऱ्याची) दुआ पढत, ती पाठ करा. कुरआनच्या शेवटच्या दोन सूरती, फलक आणि नास, तर येतच असतील. आणि बाळ रात्रभर रडतंय म्हणता, तर आधी बालरोगतज्ज्ञांकडून कान तपासून घ्या.

प्रश्न : मुलगा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. काही महिने झाले, झोपत नाही, एकटाच बोलतो, जेवणात कुणी काहीतरी कालवतंय म्हणतो. मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या सुरू होत्या. आमिल म्हणाले, आसेब (जिन्नाची बाधा) आहे, 41 दिवसांचा अमल (पठणाचा विधी) करू, तोवर गोळ्या बंद ठेवा. आता दुसरा अमल चालू आहे.

ताई, उद्याची वाट पाहू नका. त्याच डॉक्टरांकडे जा आणि गोळ्या कधीपासून बंद आहेत ते खरं सांगा. मनाने पुन्हा सुरूही करू नका, डोस त्यांनाच ठरवू द्या. मुलगा स्वतःच्या जिवाचं काही बोलत असेल तर थेट सरकारी दवाखान्याचा अपघात विभाग गाठा. 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, तिथेही बोलता येतं.

जिन्न नाहीत, असं मी म्हणणार नाही. कुरआनात त्यांच्या नावाची सूरत आहे. पण जिन्न आहेत म्हणून तुमच्या मुलाला झालं ते जिन्नामुळेच, हे आमिलने कशावरून ठरवलं? अत्तराचा फाया हुंगवून? आईचं नाव विचारून आकडे जुळवून? बुखारी आणि मुस्लिममध्ये एका बाईची हदीस आहे. तिला झटके यायचे, त्यात अंगावरचं वस्त्र सरकायचं. तिने दुआ मागितली. हुजूर (स.), म्हणजे पैगंबर, म्हणाले, सब्र केलंस तर जन्नत आहे, म्हणत असशील तर शिफाची दुआ करतो. तिने सब्र निवडलं, फक्त वस्त्र सरकू नये एवढी दुआ मागितली. या हदीसमध्ये छडी नाही, मिरचीची धुरी नाही, साखळी नाही. ती सगळी आपण घातलेली भर.

त्या भरीची किंमतही पाहिली आहे. तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ 6 ऑगस्ट 2001च्या पहाटे झापाच्या शेडला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. 28 जीव गेले. त्यांना तिथे आणून सोडणारे घरचेच होते, प्रेमानेच आणलं होतं. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. आणि महाराष्ट्रात 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली भूत उतरवण्याच्या नावाने मारहाण, धुरी हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद.

‘अल्लाहच्या बंद्यांनो, इलाज करा’ हा हुकूम अबू दाऊद आणि तिरमिजीत आहे. इलाज करणं ईमानात खोट नाही. गोळ्या चालू ठेवून रात्री उशाशी बसून आयतुल कुर्सी पढा, फातिहा (कुरआनची पहिली सूरत) पढून दम करा. त्यासाठी आमिल लागत नाही, आई पुरते. उशीर मात्र पुरत नाही. असे आजार लवकर हाती लागले तर आटोक्यात राहतात, आणि तुमचा एक अमल गेला, दुसराही चाललाय.

प्रश्न : दम करून पैसे घेणं हराम आहे का? एक साहेब ऑनलाइन रुकया करतात, 11 हजार आगाऊ आणि काळा बकरा वेगळा.

सगळे आमिल त्या विंचवाच्या हदीसचा हवाला देतात. सहाबींनी (पैगंबरांच्या साथींनी) विंचू डसलेल्या टोळीच्या सरदारावर फातिहा पढली, बकऱ्या मिळाल्या, हुजूर (स.) यांनी त्या हलाल ठरवल्या. बरोबर. पण बकऱ्या सरदार उठून चालू लागल्यावर मिळाल्या, आणि ज्या टोळीने वाटसरूंना जेवू घालायला नकार दिला तिच्याकडून. तुमचे साहेब आगाऊ घेतात, फोटोवर दम करतात, वर रंग पाहून बकरा मागतात. बकऱ्याचा रंग कोणत्या हदीसमध्ये आहे, हे त्यांनाच विचारा. तावीज-मंत्राने आजार बरा करण्याची जाहिरात 1954च्या कायद्याने बंद आहे. पैसे गेले असतील तर स्क्रीनशॉट घेऊन पोलीस ठाण्यात जा, पुन्हा फोनवर घासाघीस करत बसू नका.

प्रश्न : मग साप-विंचू चावल्यावर फातिहा पढली तर?

पढा, पण दवाखान्याच्या वाटेवर, गाडीत बसून. चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून गंडादोरा करणं हाही 2013च्या त्याच कायद्याखाली गुन्हा आहे.

प्रश्न : मधुमेहाला कलौंजी (काळं बी) आणि झमझम (मक्केच्या विहिरीचं पाणी) घेतो. इन्सुलिन सोडू का?

नाही. कलौंजी किती घेता तेही डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : शेजारच्या हिंदू वहिनी पोराला दम करायला आणतात. करावा का?

करा. विंचवाने डसलेला तो सरदारही मुसलमान नव्हता. पोराला ताप असेल तर रक्त तपासलं का, तेवढं वहिनींना विचारा.