ब्रिटिश राजा जॉर्ज सहाव्याचा रुपया चांदीचा आहे का, हे घरी कसं ओळखायचं?
आधी साल बघा. 1938 च्या रुपयात 91.7 टक्के चांदी, 1940 ते 1945 मध्ये निम्मीच. युद्धात चांदीची टंचाई होती. मागे वाघ असलेला 1947 चा रुपया निव्वळ निकेलचा, लोहचुंबकाला टचकन चिकटतो. वजन तिन्हींचं 11.66 ग्रॅम, त्यामुळे नुसत्या काट्यावर भरवसा ठेवू नका. निम्म्या चांदीच्या नाण्याची कड भिंगाखाली धरा: दात्यांच्या मधोमध बारीक खाच दिसते. ओतीव नकलेत ती बुजलेली असते. 1939 चा कुणी दाखवला तर आधी संशयच घ्या, तो फार दुर्मीळ आहे. आणि हो, चिंचेनं घासू नका! काळपट झाक गेली की संग्राहक भाव पाडतात. पीव्हीसीच्या पाकिटातही ठेवू नका, हिरवा चिकट थर चढतो.